न खणलेला कोपरा

कार्डिफच्या दमट, करड्या सकाळी चिकट मातीत फावडं रुतल्याचा ‘खच्च’ आवाज आला, की मी मान न वळवताही ओळखते: यानकाका आले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण घाव असा घालतात की वाटावं, या मातीनं यांचं काय घोडं मारलंय! गांडूळ दुभंगलं तरी हात थांबत नाही. वेल सुकला तर तो मुळासकट उपटून, झटकून, कुंपणावर आपटला जातो. कौन्सिल भाजी पिकवायला ज्या जमिनीच्या पट्ट्या भाड्यानं देते, त्या अलॉटमेंटमध्ये त्यांची पट्टी माझ्या पट्टीला लागून आहे. मी इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. माणसाच्या हालचालीवरून दुखणं ओळखणं हा माझा धंदा, पण या हातांतला राग कुठून येतो ते मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

आपल्या पट्टीत त्यांनी आपलं गाव मांडलं होतं. बटाट्यांची सरी म्हणजे वरची आळी, कांद्यांची म्हणजे खालची. मधली पायवाट हा ओढा, पाण्याचं पिंप हे तळं आणि अवजारांची शेड हे चर्च. चेक देशाच्या सीमेलगतचं, दोन बुटक्या टेकड्यांच्या बेचक्यातलं ते खेडं. वर चेक, खाली जर्मन. कोबी कापता कापता ते इतिहास सांगत. एक सैन्य आलं, वेशीवरच्या पाटीवरचं नाव बदललं. दुसरं आलं, पुन्हा बदललं. आणि दर खेपेला कुणाच्या तरी घरातून धूर निघाला. एकदा मी विचारलं, “आणि गावाबाहेर कोण राहायचं?” हा प्रश्न माझ्या रक्तातच आहे. आजोबांच्या विदर्भातल्या गावी आमची वस्ती गावाबाहेर होती. विहिरीला हात लावला म्हणून आजोबांच्या भावाला भरदुपारी काठ्यांनी ठेचून मारलं, आणि अख्ख्या गावापैकी कुणाला म्हणे काही दिसलंच नाही. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही गावाची आधी कड बघतात.

“कुणी नाही,” यानकाका म्हणाले. “वीटभट्टी होती.”

वीटभट्टी म्हणजे त्यांच्या पट्टीचा पूर्वेकडचा कोपरा. तिथे कमरेइतकं गवत आणि लागताच अंगाची आग करणाऱ्या काटेरी पानांचं रान माजलेलं, आणि त्या चार हात जागेत ते कधीही फावडं घालत नसत.

मार्चअखेर ते घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते हॉस्पिटलात असताना अलॉटमेंटच्या कमिटीची नोटीस आली: पडीक कोपरा जूनपर्यंत लागवडीखाली आणा, नाहीतर पट्टी काढून घेऊ. बायको नाही, मूल नाही. पट्टी गेली तर हा माणूस सहा महिने जगायचा नाही. मग काय, मी मोठी शहाणी! दोन रविवार राबून तो कोपरा खणला, वाफे केले, मेथी पेरली.

मे महिन्याच्या कोवळ्या उन्हात काठी टेकत ते आले तेव्हा मेथी दोन बोटं वर आली होती. मी कौतुकाच्या आशेनं उभी. त्यांनी काठी टाकली, माझं फावडं उचललं आणि तो कोवळा हिरवा वाफा सपासप छाटायला सुरुवात केली. एक घाव माझ्या बुटाच्या टोकाशी, चामडं चिरून मातीत गेला. “अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” मी किंचाळले. “पाय तुटला असता माझा!”

“तू त्यांच्या अंगावर भाजी लावलीस,” ते म्हणाले, आणि मोडलेल्या खुब्यासकट खाली कोसळले.

मग मातीत बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर वरच्या आळीनं खालच्या आळीतल्या पाच जणांना वीटभट्टीवर नेलं, त्यांच्याच हातांनी खड्डा खणवला आणि फावड्यांनी मारलं. बंदुका होत्या, तरी फावडी वापरली. पहिला घाव यानकाकांच्या बापाचा. त्याच संध्याकाळी त्यांचं कुटुंब खालच्या आळीतल्या गिरणीवाल्याच्या रिकाम्या घरात राहायला गेलं. पुढे अडुसष्ट साली परके रणगाडे देशात शिरले तेव्हा यानकाका पळून इथे आले, आणि इथेही तो कोपरा त्यांनी तसाच राखला.

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. “गवत वाढू देणं म्हणजे राखणं नव्हे, यानकाका,” मी म्हणाले, “ते झाकणं झालं. माझ्या आजोबांच्या गावानंही तेच केलं. नावं सांगा त्यांची!” रोपांशेजारी खोचायच्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या माझ्या खिशात होत्या. ते सांगत गेले, मी लिहीत गेले: आना, योसेफ, फ्रान्झ, माटिल्डा. पाचवी पट्टी हातात धरून मी वाट पाहिली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, कपाळ मुठीनं बडवलं. नाव येईना. ती तशीच कोरी खोचली.

जूनमध्ये कमिटीच्या बाई पाहणीला आल्या. उघड्या मातीत पाच पांढऱ्या पट्ट्या, आणि अंकुर एकही नाही. “इथे काय पेरलंय?” त्यांनी गोडीत विचारलं. फरसबी, उशिराची, असं खोटं माझ्या जिभेवर आलंच होतं.

“शेजारी,” यानकाका म्हणाले. “माझ्या बापानं मारलेले.”

बाईंचं पेन थबकलं. त्यांनी कोऱ्या पट्टीकडे बोट केलं. “आणि हे?”

“गिरणीवाल्याची बायको. नाव मी कधी विचारलंच नाही. आम्ही तिच्या घरात शिरलो तेव्हा चुलीवर तिचं सूप होतं, अजून गरम. मला भूक लागली होती. मी दोनदा मागून घेतलं.”

बाईंनी फॉर्मवर काय लिहिलं कोण जाणे, पण नोटीस पुन्हा आली नाही. काळ मारणाऱ्याला नेतो, मेलेल्याला तर आधीच नेलेलं असतं. उरतो तो एक म्हातारा, ज्याला त्या बाईचं नाव ठाऊक नाही, आणि जगात तिच्या हातची चव आठवणारा मात्र तोच एकटा आहे.