मेन पाडण्याचा मान

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एके काळी खंडेनवमीला अशी शांतता पसरायची, की पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात नारळ फुटला तर तो इकडे ऐकू यावा. सगळ्यांच्या मशीन झाडूनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभ्या असायच्या. आता निम्म्या शेडना कुलपं लागली, आणि जिथे काम उरलंय तिथे सणाच्या दिवशीही मशीन फिरते. कलावती कामाला होती त्या कारखान्यात मात्र पूजा कधी चुकली नाही. औषधाच्या गोळ्या फॉइलमध्ये भरून त्यांच्या स्ट्रिप्स करायचा तो कारखाना, आणि तिथला रिवाज असा, की पूजेआधी सगळ्यांत जुन्या कामगाराने भिंतीवरचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडायचा. वीज तुटली, दिवे विझले, की मगच निरांजन लावायचं. हा मान आधी तिच्या नवऱ्याचा, मारुतीचा होता. मारुती तिथे फिटर होता. तो गेल्यावर मान कलावतीकडे आला.

मारुतीच्या वेळची मशीन वेगळी होती. तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी शाफ्ट जायचा. फॉइल ओढणारा रोलर, खळगे पाडणारा साचा, वर शिक्का मारणारा ठोकळा, शेवटी कापणारी पाती, सगळे त्या एका शाफ्टला बांधलेले. तो फिरला की सगळे फिरले, तो थांबला की सगळे थांबले. पुढे नवी मशीन आली. तिला शाफ्टच नव्हता. प्रत्येक भागाला स्वतःची मोटर, आणि सगळ्या मोटरींतून ओवत नेलेली एक बारीक हिरवी केबल. आपण कुठवर आलो हे मोटरी त्या केबलमधून सारखं सांगत राहतात आणि त्यावरून एकमेकींशी ताल धरतात, असं ती बसवायला आलेल्या माणसांनी सांगितलं. मारुतीने नव्या मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला होता, "ही मशीन नाही, चाळ आहे. ज्याची त्याची खोली वेगळी, आणि कारभार सगळा निरोपावर." बायका हसून हसून दमल्या होत्या.

ती नवी मशीनही आता म्हातारी झाली होती. बाकीच्या लाइनी मालक सर्वेशशेठच्या वडिलांच्या हयातीतच उठून परराज्यात गेल्या. ही एकच राहिली होती, तीही एका औषध कंपनीच्या ऑर्डरवर. दसऱ्यानंतर त्या कंपनीची माणसं लाइन बघायला येणार होती. त्यांनी होकार दिला तर शेड चालू राहणार, नाहीतर बंद. हे सर्वेशने लपवलं नव्हतं, हॉलमधल्या सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं होतं. कलावतीचं काय, तिची निवृत्ती तशीही जवळ आली होती. पण टिटवाळ्याची रुचिता, नवऱ्याने टाकलेली, पदरी मुलगी असलेली, तिला कलावतीनेच शब्द टाकून इथे लावलं होतं. रोज सकाळी स्टेशनवर आधी पोचून कलावती तिच्यासाठी रिक्षा धरून ठेवायची.

भाद्रपदापासून मशीनच्या पॅनलवर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला होता. कलावतीनेच तो सर्वेशला दाखवला. सर्वेशने ठाण्याच्या प्राचीला फोन लावला. प्राची मशीनचे कंट्रोल बसवणारी इंजिनिअर, वागळे इस्टेटमध्ये तिचं छोटं ऑफिस. फोन स्पीकरवर होता आणि कलावती शेजारीच उभी होती. प्राची म्हणाली, आतल्या बॅटऱ्या संपत आल्यात, नव्या मागवल्या आहेत. मी राहते टेंभी नाक्याला, नवरात्रात देवीच्या मंडपामुळे तिथला रस्ता बंद, पार्सलही उशिरा येणार, म्हणून दसरा झाला की लगेच येते. तोवर पॅनलची वीज तेवढी बंद करू नका.

दोघांनी ऐकलं आणि दोघांनी पाळलं. संध्याकाळी घरी जाताना मशीन थांबवायची पण पॅनल चालू ठेवायचं, यावर कलावतीने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पण खंडेनवमीला मेन पाडणं हे त्या बंद करण्यात मोडतं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. नारळ फोडणं जसं पूजेतलं, तसं तेही पूजेतलं. सर्वेश हातात ताट घेऊन उभा होता. "काकी, मुहूर्त जातोय, पाडा मेन," असं त्यानेच म्हटलं. तिने नवऱ्याचं नाव मनात घेतलं आणि खटका खाली ओढला. पिवळा दिवाही विझला. रुचिताने पेढे वाटले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेन वर केला, तर स्क्रीनभर लाल अक्षरं.

प्राची तासाभरात आली. लॅपटॉप जोडून बराच वेळ बघत बसली आणि मग मान वर न करता विचारलं, "वीज कोणी बंद केली होती?"

"मी," कलावती म्हणाली. "पूजेला."

प्राचीने सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश म्हणाला, दरवर्षी करतो. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो खुर्चीवर बसला.

केबलला काही झालं नाही, असं प्राचीने समजावून सांगितलं. मोटरी अजून एकमेकींशी बोलतायत. पण विचारलं की प्रत्येक मोटर एकच उत्तर देते, की मी कुठे आहे ते मला ठाऊक नाही. त्यांची जागा बॅटरीच्या जिवावर त्यांच्या लक्षात राहत होती. कोणी कोणामागे किती पळायचं, तो हिशोबही पॅनलमधल्या मुख्य पेटीतून पुसला गेला होता. मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. हिशोबाची एक प्रत थोरल्या शेठच्या कॉम्प्युटरमध्ये होती, तो कॉम्प्युटर भंगारात गेला होता.

"नव्याने बसवता येईल," प्राची म्हणाली, "पण दिवाळी उजाडेल."

औषध कंपनीची माणसं उद्याच यायची होती. तेव्हा कलावती पुढे झाली. इतकी वर्षं या मशीनपुढे काढली, कुठला भाग कुठे थांबतो ते मी सांगते, म्हणाली. प्राचीला तेवढाच आधार वाटला. कलावती काचेआड हात घालून दाखवायची, साचा इथे, ठोकळा इथे, पाती खळग्यांच्या ओळीपुढे दोन बोटं. प्राची एकेक जागा भरत गेली. दुपारी मशीन हळू चालवली तर स्ट्रिप चांगली निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रुचिताने देवाला हात जोडले.

मग वेग वाढवला, आणि पाती बरोबर गोळ्यांच्या मधून गेली.

पाती जरा मागे घेतली, तर शिक्का खळग्याच्या कडेवर बसला. शिक्का सरकवला, तर फॉइल फाटलं. कलावती सांगत राहिली, प्राची बदलत राहिली, आणि ट्रेमध्ये पांढरा चुरा साचत गेला. संध्याकाळी कलावतीला स्वतःलाच कळून चुकलं. तिच्या हातांना आठवत होती ती जुनी मशीन, शाफ्टची, जिचे सगळे भाग कुठल्याही वेगात एकमेकांना धरून राहायचे. तिथे तिने खरोखर हात घातले होते, मारुतीला नट आवळायचे पाने दिले होते. या मशीनपुढे तिने नुसतं हिरवं बटण दाबलं होतं आणि काचेतून पाहिलं होतं. तिने काचेआडचा हात बाहेर घेतला. प्राचीनेही मग लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. भली होती. त्यांनी मशीन पाहिली, चुरा पाहिला, चहा घेतला. त्यांच्यातले मोठे साहेब सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले आणि गाडीत बसले. दिवाळीपर्यंत सगळ्यांना ठेवतो, पुढे जमणार नाही, असं सर्वेशने हॉलमध्ये येऊन सांगितलं. कलावतीकडे बोट दाखवलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

बायका डबे न उघडता बसून राहिल्या. भिवंडीच्या गोदामात तरुण बायका घेतात, असं कोणीतरी म्हणालं, पण तिथे रात्रपाळी असते. मुलीला एकटं टाकून रुचिता रात्री जाणार कुठे, हे सगळ्यांना माहीत होतं.

थोड्या वेळाने रुचिता उठून कलावतीच्या बाकापाशी आली.

"काकी, खरं सांगा. मेन पाडला नसता तर चाललं असतं?"

कलावतीच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. बॅटऱ्या संपतच आल्या होत्या, शेठनेच सांगितलं होतं, कंपनीला कुठूनही निमित्तच हवं असेल. सगळं थोडं थोडं खरं होतं.

"चाललं असतं," ती म्हणाली.

रुचिताने मान हलवली. तिचा आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. ओढणीच्या टोकाने हातावरची पांढरी भुकटी पुसत राहिली.

"उद्यापासून स्टेशनवर माझ्यासाठी रिक्षा धरून ठेवू नका," ती म्हणाली. "माझी मी येईन."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारच्या बाईने सरकून तिला जागा करून दिली. कलावती जिथे होती तिथेच बसली. तिच्या बाकावर दुसरं कोणी आलं नाही.