लायलचा डावा हात

"मॅम, तेवढं लिहू नका," लायल म्हणाला.

मी त्याच्या डाव्या कोपराखाली टॉवेलची घडी सरकवत होते. करंगळीला मुंग्या येतायत, असं त्यानंच दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं आणि मी कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढचा 'तक्रार' हा रकाना उघडला होता.

"मुंग्या येतायत आणि लिहू नको? मग मी इथे काय लोणचं घालायला बसलेय?"

इंग्रजीत ते एवढं खमंग झालं नसेल, पण माझा आवाज त्याला पुरेसा कळला. तो अलाबामाचा. तिकडची माणसं बाईमाणसाला मॅम म्हणतात आणि खाली बघून बोलतात.

"लिहिलंत की उद्या मला बाकावर बसवतील आणि मग टीममध्ये घेणारच नाहीत. तीन आठवडे द्या मला. मला दुसरं काही येत नाही, मॅम."

सदतीस वर्षांचा सव्वासहा फुटी माणूस, आणि हे वाक्य बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी रकाना कोरा ठेवला. मार्चची चार तारीख होती. माझ्या हातून झालेली ही पहिली चूक, आणि त्यानंतर मी ती आणखी चार वेळा केली.

मी शुभा देशकर, मूळची नागपूरची, अठ्ठावन्न वर्षांची फिजिओथेरपिस्ट. ॲरिझोनात एका बेसबॉल क्लबचा सरावाचा कॅम्प फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो, तिथल्या उपचाराच्या खोलीत मी गेली नऊ वर्षं आहे. क्रिकेटमध्ये जो बोलर, तो इथला पिचर. एकेका सामन्यात हा माणूस शंभर-शंभर वेळा हात पिळवटून चेंडू फेकतो. देवानं कोपर काही त्यासाठी केलेलं नाही. पस्तिशी ओलांडली की ते कुरकुरायला लागतं.

आमचा क्लब दर फेब्रुवारीत असे पाच-सहा जुने पिचर बोलावतो. एके काळी नाव कमावलेले, मग दोन-तीन हंगाम नुसता मार खाल्लेले. डावखुरा लायल त्यांतलाच एक. त्यांच्याशी जो करार होतो त्यात कसलीच हमी नसते. कॅम्पमध्ये चमकलात तर टीममध्ये, नाहीतर मार्चअखेर चालते व्हा. पेपरवाले याला क्लबचा जुगार म्हणतात, वर हुशारीचं कौतुकही करतात. जुगार कसला डोंबलाचा! जुगारात खेळणाऱ्याचं काहीतरी जातं. इथे डाव क्लबचा आणि हात दुसऱ्याचा.

एकच नियम त्या बिचाऱ्यांच्या बाजूचा आहे. दुखापत झालेल्या खेळाडूला क्लब असा घरी धाडू शकत नाही, ऑपरेशनपासून नंतरच्या व्यायामापर्यंत सगळं क्लबला करावं लागतं. म्हणून सोडायच्या दिवशी एक फॉर्म असतो. 'खेळाडू तंदुरुस्त आहे.' त्यावर खेळाडूनं सही करायची आणि उपचार करणाऱ्यानं. उपचार करणारी म्हणजे मी. माझ्या त्या 'तक्रार' रकान्याला वजन आहे ते एवढ्यासाठी.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी तो कोरा ठेवला, कारण मला त्याची दया आली. घरी गुरुदत्तला, माझ्या नवऱ्याला, मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "शुभा, पेशंट म्हणतो म्हणून कागद कोरा ठेवायचा नसतो."

"तू पूल बांधलेस आयुष्यभर. तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं.

त्याला कळत होतं. कळत नव्हतं ते मलाच. आपल्याकडे बायका घरच्यांचं दुखणं पदराआड लपवतात आणि त्याला माया म्हणतात. मी तेच केलं. माया कसली, शुद्ध गाढवपणा!

महिन्याच्या मध्याला लायलनं एक सामना छान टाकला. लोक उभे राहून ओरडले. तो माझ्या खोलीत आला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता, पण करंगळीबरोबर आता शेजारचं बोटही बधिर झालं होतं. मी बर्फ लावला, आणि दोनच दिवसांनी त्यांनी त्याला परत मैदानात उतरवलं.

मी तशीच कॅन्टीनमध्ये गेले. तिथे अमेय होता. अमेय पुण्याचा, क्लबच्या डेटा विभागात. कुठला पिचर घ्यायचा, कुणाला किती टाकायला लावायचं, याची गणितं तो करतो. गणपतीला माझ्या घरी जेवायला येतो आणि मला मावशी म्हणतो.

"काहून रे, त्या लायलला एवढ्यात परत काहून उतरवलं?"

"मावशी, लॉजिकली बघ ना. असे पाच घेतले की एक क्लिक होतो. बाकीचे चार नुसत्या इनिंग्ज टाकून काढतात. म्हणजे आपल्या यंग पिचर्सचे आर्म्स सेव्ह होतात."

"आणि त्या चौघांचे हात?"

"त्यांनी साइन केलंय यार. फोर्स कोणी केलाय?"

असं म्हणून त्यानं शांतपणे सँडविचचा घास घेतला. ते सँडविच मला त्याच्या हातातून हिसकून घ्यावंसं वाटलं. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार? माझा रकाना कोरा होता. मी बाटलीत पाणी भरून परत आले.

चोवीस तारखेला सकाळी ब्रेटनं मला बोलावलं. ब्रेट आमच्या वैद्यकीय विभागाचा प्रमुख. त्याच्या खोलीत लायल बसला होता, क्लबचा युनिफॉर्म परत करून घरचा निळा चौकड्यांचा शर्ट घालून. लॅपटॉप घेऊन अमेयही होता. टेबलावर फॉर्म होता आणि त्यावर लायलची सही आधीच झालेली होती. डाव्या हाताची, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी.

"फाइल स्वच्छ आहे," ब्रेट म्हणाला. "सही कर, शुभा. याचं अकराचं विमान आहे."

मी पेन उचललं नाही. तसा अमेय माझ्याकडे झुकला आणि मराठीत कुजबुजला, "कर ना मावशी. उगाच का अडकवतेस? मलाही डाउट होता. सहा तारखेपासून चेंडू टाकताना त्याचा हात खाली येतोय, कॅमेऱ्यात क्लीअर दिसत होतं. पण तू फाइलमध्ये काही लिहिलं नव्हतंस ना, मग आम्ही टाकू दिलं."

"तुला दिसत होतं?"

"ब्रेटलाही दाखवलं होतं मी. तो म्हणाला, तक्रार नाही तर प्रश्न नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा दिवस! अठरा दिवस या दोघांना दिसत होतं आणि दोघं त्याला टाकू देत होते. माझ्या कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवता येईल, म्हणून. मी लायलसाठी झाकलं, असं समजत होते, आणि प्रत्यक्षात मी झाकलं होतं यांना. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. या मेल्यांनी वैद्य जिवंत ठेवला होता, सहीपुरता.

"लायल, शर्ट काढ," मी म्हटलं.

"मॅम, प्लीज, सही करा." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "टेक्ससच्या एका क्लबनं विचारलंय. फाइल स्वच्छ असली तर ते सोमवारी बोलावतील."

"म्हणजे तिथे आणखी एक अमेय बसला असेल. काढ शर्ट."

त्यानं काढला. कोपर आतल्या बाजूनं सुजलं होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला उंचवटा, चांगल्या हातावर जो पेरूच्या फोडीसारखा भरलेला असतो, तो डाव्या हातावर बसला होता. मी टेबलावरचा तोच फॉर्म उचलला.

"हा कागद अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धर. मी ओढते, तू सोडायचा नाहीस. आधी उजव्या हातानं."

उजव्या हातातून कागद सुटेना. मी हिसका दिला तरी सुटला नाही.

"आता डाव्या."

त्यानं दात आवळले. अंगठ्याचं पेर वाकलं, मान ताठ झाली, चेहऱ्यावर घाम आला. मी हलकेच ओढला आणि कागद माझ्याकडे निघून आला. मी परत धरायला दिला. परत निघून आला. तिसऱ्यांदा त्यानं धरलाच नाही.

"दिसलं?" मी ब्रेटला विचारलं. अमेयला मराठीत विचारलं, "दिसलं का रे? याला कॅमेरा लागला नाही."

अमेयनं लॅपटॉप मिटला.

मग मी लिहिलं. डाव्या हाताच्या नसेला इजा, बोटं बधिर, पकड गेलेली. खेळाडू तंदुरुस्त नाही. तक्रार चार मार्चपासून पाच वेळा केली होती, मी ती पाचही वेळा नोंदवली नाही, चूक माझी. सहा मार्चपासून क्लबला कॅमेऱ्यात दिसत होतं, हेही लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

ब्रेटनं उभ्याउभ्या वाचलं. "हे तुझ्या लायसन्सवर येईल, कळतंय ना?"

"माझंच आहे. माझ्यावरच येऊ दे. तुझं तू बघ."

आता त्याला घरी पाठवणं क्लबला जमणार नव्हतं. ऑपरेशन करावंच लागणार होतं, हात निदान घास उचलण्याइतका तरी परत येणार होता. टेक्सस मात्र संपलं. लायलला हे माझ्याआधी कळलं असावं.

"तुम्ही माझा शेवट केलात," तो म्हणाला.

"शिव्या दे. इथंच दे, मोठ्यानं दे. मी चार तारखेला लिहिलं असतं तर ही नस वाचली असती कदाचित. ऐकतेय मी."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. शर्ट चढवला आणि बटणं लावायला घेतली. डाव्या बोटांत बटण ठरेना. एकदा सुटलं, दुसऱ्यांदा सुटलं. अमेय खुर्चीवरून अर्धवट उठला, तशी लायलनं नुसती मान हलवली. अमेय परत खाली बसला.

मग लायलनं डावा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्या हातानं वरपासून सुरुवात केली. ब्रेट दार उघडून, तो फॉर्म हातात घेऊन उभा होता. आम्ही तिघंही ताटकळलो. सात बटणं होती. शेवटचं लागल्यावर त्यानं कॉलर सारखी केली, शर्ट पँटमध्ये नीट खोचला, मला "येतो, मॅम" म्हणाला आणि ब्रेटच्या पुढून बाहेर पडला.