फाटला की फुटला

‘घरी दुरुस्ती करीत असताना बिनतारी स्पीकरचा स्फोट होऊन मंगल योगीराज या गृहिणीच्या चेहऱ्यास इजा झाली. कोणावरही संशय नाही.’ पोलीस ठाण्याचे कन्नड म्हणणे मराठीत आणले, तर एवढेच उरते.

हा स्फोट विलक्षण सुसंस्कृत म्हटला पाहिजे. त्याने मंगलचा डावा जबडा मोडला, डोळ्याखालचे हाड आत दाबले. मात्र भुवईचा एक केसही जाळला नाही. ज्या हातांत तो स्पीकर होता, त्या हातांवर ओरखडा नाही. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या तेव्हा त्यांतून लाल तिखट निघाले. कोणत्या बॅटरीत लाल तिखट भरतात, याचा खुलासा ठाण्याने केलेला नाही. शिवाय स्फोट पावलेला तो स्पीकर ठाण्याच्या कपाटात शाबूत होता आणि कळ दाबताच वाजत होता.

मंगलचा जबडा तारांनी बांधलेला. लिहिता तिला येत नव्हते. अपघात म्हणून प्रकरण मिटले की सोमवारी तिला दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती आणि नवरा योगीराज जीप आणून तिला आळंदजवळच्या त्याच घरात नेणार होता. ते टाळण्यासाठी तिची थोरली बहीण रेणू बिदरजवळच्या नौबादहून ठाण्यात आली. ती बिदरला कन्नड शिकवते. सारी भिस्त मंगलच्या सासूच्या, कोंडाबाईच्या जबाबावर असल्याने तिलाही बोलावले होते. योगीराज दाराशी उभा होता.

रेणूने तो कन्नड जबाब मराठीत वाचून दाखवला. “स्पीकर फुटला, असं सांगितलाव का मावशी?”

“फुटला? कवा?” कोंडाबाई दचकली. “मी म्हणले, फाटला व्हता. आवाज फाटला व्हता, माय. खर्रखर्र करायला.”

जबाब कन्नडात उतरवणारा हवालदार तानाजी हसला. “फाटला काय, फुटला काय, कन्नडात एकच की अक्का!”

“फाटण्याला हरियोदु म्हणतेत. तुमची चड्डी फाटली तर स्फोट झाला म्हणून लिव्हता का?”

“अव्वा, गप बस,” दारातून योगीराज म्हणाला.

“गपच बसले की इतके दिवस,” कोंडाबाई म्हणाली, आणि सांगू लागली.

स्पीकरच्या आतल्या पडद्याची कड चौकटीपासून सुटली होती. मंगलने जाळी काढली, कडेला पंक्चरचे सोल्युशन लावले आणि वाळेपर्यंत वर वाटी दाबून ठेवली. शेजारची चंद्रम्मा तूर निवडत बसली होती. स्पीकर सुरू केला तो आवाज स्वच्छ. आणि तेवढ्यात अंगणात योगीराजचा फोन वाजला. फोन स्पीकरला जोडलेला. योगीराज तो कानाशी धरून हॅलो हॅलो करीत राहिला आणि ठेकेदार नागेंद्रचा आवाज स्वयंपाकघरात घुमला. पूर्वीही असे फोन तिथे येत. पण खरखरीमुळे शब्द कळत नसत. आता प्रत्येक शब्द कळला: “योग्या, काल माझ्या चपला छातीशी धरून रडलास, ते इसरलास का रे?”

चंद्रम्मा फिस्सकन हसली.

गावात ज्याला अण्णा म्हटल्याशिवाय कोणी हाक मारत नाही, तो योगीराज आत आला. मंगलने स्पीकर त्याच्यासमोर धरला. “बघा, साफ झालं का न्हाई?” पाट्यावर तिखट वाटायचे चालले होते. त्याने वरवंटा उचलला. पहिल्या घावाने ती भिंतीवर आदळली. ती पडल्यावरही वरवंटा थांबला नाही. तोंडावरच येत राहिला, जणू बोलण्याची जागाच त्याला सपाट करायची होती.

कोंडाबाईने पदराची गाठ सोडली आणि सुनेचे दात टेबलावर ठेवले.

तानाजी आता हसत नव्हता. गुन्हा नोंदवला गेला. सोमवारी मंगल रेणूकडे नौबादला गेली. योगीराजने काहीच नाकारले नाही. आपण बचाव करीत आहोत, अशीच त्याची समजूत होती. या वेळी, रेणूच्या आग्रहावरून, त्याचे म्हणणे तो बोलला तसे मराठीतच उतरवले गेले:

“व्हय, मी मारलो. हसली ते चंद्रम्मा. पण ते दुसऱ्याची बायको, तिच्यावर हात कसा टाकू? म्हणून आपल्या बायकोला मारलो.”