ब्रेट बोलायचा

“टेबल म्हणजे बाई? टेबलाला कुठून आलं बाईपण?” ग्लेनिसने विचारलं, तसा सगळा वर्ग हसला.

“ते देवालाच ठाऊक,” शिकवणाऱ्या बेर्नादेतबाई म्हणाल्या. “चाकू पुरुष, काटा बाई. पाठ करायचं आणि गप्प बसायचं.”

टाउन्सव्हिलच्या वाचनालयातला हा फ्रेंचचा वर्ग म्हणजे निवृत्त मंडळींचा विरंगुळा. बहुतेकांना एकदा पॅरिस बघायचं होतं. इस्पितळाच्या चादरी धुण्यात जन्म काढलेल्या ग्लेनिसला पॅरिसशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा मुलगा ब्रेट समुद्रापलीकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या नुमेआला निकेलच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, तिथल्या माइतेशी लग्न करून तिथलाच झाला, आणि एका रविवारी मासेमारीला गेला असताना होडी उलटून बुडाला. दफनाच्या वेळी माणसं एकामागून एक पुढे येऊन बोलली. ऐकणारे रडले, मग चक्क खो खो हसले. आपल्या मुलाबद्दल काय बोलणं चाललंय, त्यातलं एक अक्षरही आईला कळेना. माइतेला इंग्रजी येत होतं, पण त्या दिवशी ती स्वतःच शुद्धीवर नव्हती. ग्लेनिस नुसती मान हलवत उभी राहिली. घरी परतल्यावर तिने वर्गात नाव घातलं.

खरं तर हसण्यासारखं बोलणारा ब्रेट नव्हताच. लहानपणापासून तो अडखळायचा. पहिल्याच अक्षरावर गाडी रुतायची, चेहरा लाल व्हायचा, आणि शेवटी हो-नाहीवर भागवून तो उठून जायचा.

एका दुपारी बेर्नादेतबाईंनी फळ्यावर एकाच क्रियापदाची दोन रूपं लिहिली.

“तो एकदा गायला, त्याचं हे रूप. आणि गायचा, नेहमी गायचा, त्याचं हे दुसरं. आपल्या इंग्रजीत बहुतेकदा दोन्हीला एकच शब्द लावून मोकळे होतो.”

“आणि माणूस आता नसला तर?” ग्लेनिसने विचारलं.

“तरी हेच. ते कधी संपलं, हे या रूपाला सांगायचंच नसतं.”

ग्लेनिस फळ्याकडे बघतच राहिली. लिहायला तीन अक्षरांचं शेपूट, म्हणायला जेमतेम एक स्वर, आणि त्यात माणसाची सकाळ, संध्याकाळ, सगळ्या सवयी मावत होत्या. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! बसमधून घरी जाताना ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, तो यायचा, तो जेवायचा, तो झोपायचा.

ब्रेटच्या पुढच्या स्मृतिदिनाला ती नुमेआला गेली. तिची विहीण ओदील हिच्या अंगणात तापलेल्या दगडांखालून केळीच्या पानांचं गाठोडं निघालं. आत नारळाच्या दुधात शिजलेले कंद आणि मासे. पानं वाढून झाल्यावर ग्लेनिसने वाक्य जुळवलं.

“त्या दिवशी तुम्ही बोललात. मला समजलं नाही. पुन्हा सांगाल?”

मग ब्रेटचा होडीतला जोडीदार आर्मां पुढे सरसावला.

“अहो बाई, काय काय सांगू? तुमचा पोरगा तोंड मिटायचाच नाही! माझी नक्कल करायचा, माझ्या बायकोची करायचा. बाजारातल्या कोळणी मासे विकायचं सोडून त्याच्या गोष्टी ऐकायच्या.”

क्रियापद ऐकण्यात आपलीच चूक होतेय, असं ग्लेनिसला वाटलं.

“ब्रेट? बोलायचा?”

“बोलायचा? आमचे कान किटायचे!”

अडखळण्याला काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. तिने करूनच दाखवलं, “म-म-म... असं नाही?”

“छे हो! ब्रेट आणि असं?” ओदील म्हणाली. “कधीच नाही.”

माइते मात्र पानाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, “इंग्रजीत फक्त. तुम्हाला फोन करायच्या आधी अंगणात चकरा मारायचा तो. वाक्यं घोकायचा.”

ग्लेनिसचा हात पानावरच राहिला. आपल्याशी बोलायला त्याला घोकावं लागायचं, हे तिला बोचलं, पण त्याहून मोठं काहीतरी तिला व्यापून बसलं. या अंगणात, या माणसांत, तिचा मुलगा भरभरून बोलला होता. दुसऱ्या भाषेत त्याची जीभ मोकळी झाली होती. केवढं हे! ज्या आवाजाची तिने जन्मभर वाट पाहिली, तो इथे रोज घुमायचा.

“मीपण सांगते,” ती म्हणाली. “तो लहान होता. पावसात तो... तो...”

शब्द येईना. चेहरा तापला. आर्मां मदतीला शब्द पुरवू लागला, तोच ओदीलने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब रे. तिचं तिला बोलू दे.” मग इतके दिवस ‘तुम्ही’ म्हणणारी ओदील तिच्याकडे वळली. “तू बोल गं. आम्ही बसलोय.”

गोष्ट एका बेडकाची होती, एवढीशी. ती संपायला फार वेळ लागला. पानांतले कंद गार झाले, तरी तोवर कुणीही घास उचलला नाही.