शून्याच्या अलीकडचा वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पण थांबा, लगेच डोळ्यांसमोर तांदूळ आणि बटाटे आणू नका. माझ्या पारड्यात आयुष्यात कधी बटाटा पडला नाही, आणि याचा मला थोडा गर्वच आहे. मी बाळांचा काटा आहे. वर उथळ, पांढरे पारडे, खाली लोखंडी पेटी आणि पेटीच्या पोटावर गोल तबकडी, असे माझे रूप. पारड्यात बाळ ठेवले की तबकडीवरची काळी सुई पुढे सरकते. ती कुठे थांबते हे बघायला आजवर कितीतरी डोकी माझ्यावर झुकली आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पारड्याखालचा स्क्रू पिळून सुई बरोबर शून्यावर आणली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाबा, खरं बोलत जा." तेवढेच माझे शिक्षण. पण ते मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मी एका छोट्या प्रसूतिगृहात आलो. तिथला सगळा कारभार सिस्टरांच्या हातात होता. सिस्टर अंगाने किरकोळ, पण आवाज असा की जिन्यावरचे बाप चिडीचूप होत. पहिल्याच सकाळी त्यांनी एक नुकते जन्मलेले बाळ माझ्या उघड्या पारड्यात ठेवले, आणि त्या बाळाने असा टाहो फोडला की मी घाबरलो. मला वाटले, माझ्यात काही खोट आहे.

"अगं बाई, थंडगार पत्र्यावर ठेवलं लेकराला!" सिस्टर स्वतःवरच चिडल्या. त्यांनी कपाटातून एक पिवळे, निळ्या काठाचे दुपटे आणले आणि माझ्या पारड्यात अंथरले. बाळ गप्प झाले. पण आता वजनात दुपट्याचेही वजन धरले जाऊ लागले.

"दरवेळी वजाबाकी कोण करत बसणार?" सिस्टर म्हणाल्या. "इकडे बाळ रडतंय, तिकडे आई रडतेय, आणि बाहेर बापाला घाम फुटलाय!"

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. पारड्यात नुसते दुपटे ठेवून त्या स्क्रू पिळत राहिल्या, आणि दुपट्यासकट माझी सुई शून्यावर आली तेव्हाच थांबल्या. दुपटे उचलले की सुई मागे यायची आणि शून्याच्या जरा अलीकडे उभी राहायची. कुणी विचारले तर सिस्टर म्हणत, "वजन बाळाचं घ्यायचं असतं. दुपटं थोडंच दूध पितं?"

तेव्हापासून आमची जोडी जमली. दुपटे धुतले जायचे, उन्हात वाळायचे, इस्त्री होऊन माझ्याकडे यायचे. ते आले की मी शून्यावर, ते गेले की मी शून्याच्या अलीकडे. खरे सांगतो, ते धुवायला गेले की मला करमत नसे.

काय दिवस होते ते! गुटगुटीत बाळे आली की माझी स्प्रिंग कुरकुरायची आणि सिस्टर म्हणायच्या, "हा तर पैलवान आलाय!" काही बाळे मात्र इतकी हलकी असत की सुई जेमतेम हलायची. अशीच एक मुलगी आठवते. तिच्या आईचा चेहरा काळवंडला होता. वाटले, एकदाच खोटे बोलावे, सुई थोडी पुढे ढकलावी. पण कारागिराची थाप आठवली. सिस्टर रोज तिला माझ्याकडे आणत. रोज सुई तिथेच. मग एके दिवशी ती केसभर पुढे सरकली आणि सिस्टर ओरडल्या, "आज बाईसाहेब जेवल्या!" तिची आई हसली आणि मग माझ्या पारड्यावर डोके टेकून खूप रडली. एवढे मोठे बक्षीस मला परत कधी मिळाले नाही.

पण दिवस सारखे राहत नाहीत. शहरात मोठे रुग्णालय उभे राहिले. तिथे वजनाचे लाल आकडे उजळणारी यंत्रे आली. आमचे प्रसूतिगृह बंद झाले. सिस्टर लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी दुपट्याची घडी माझ्या पारड्यात ठेवली आणि म्हणाल्या, "सांभाळून राहा रे दोघं." आम्हा दोघांना एकाच खोक्यात घालून गावाच्या इतिहास संग्रहालयात पाठवले गेले.

हे संग्रहालय म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोलाच्या. कुलूप उघडण्यापासून पंखा पुसण्यापर्यंत सगळे त्याच करत, आणि जीव ओतून करत. त्यांच्याइतके नीटनेटके माणूस मी पाहिले नाही. पण या नीटनेटकेपणानेच आमचा घात केला. खोके उघडून बाई म्हणाल्या, "धातू या खोलीत. कापड त्या खोलीत." झाले! लोखंड लोखंडात गेले, कापड कापडात गेले, आणि आमची ताटातूट झाली.

समोरच्या दारातून मला पलीकडच्या खोलीतले काचेचे कपाट दिसायचे. त्यात साड्या, टोप्या, एक फाटका झेंडा आणि त्यांच्या पायाशी माझे दुपटे. त्याच्यापुढे चिठ्ठी होती, "जुने सुती कापड". माझी चिठ्ठी तर त्याहून जिव्हारी लागणारी. बाईंनी वाकून माझी सुई पाहिली. ती शून्याच्या अलीकडे. त्यांनी दोनदा टिचकी मारली. सुई हलली आणि परत तिथेच. त्यांनी चष्मा काढला, सुस्कारा सोडला आणि लिहिले, "बाळांचा वजनकाटा. नादुरुस्त."

मित्रांनो, जन्मभर खरे बोललेल्याला खोटा ठरवले तर कसे वाटते, सांगू? पण मला तोंड कुठे आहे! निमूटपणे धूळ खात बसलो. म्हणजे, धूळ बाई रोज पुसायच्या, तेव्हा तीही धड खायला मिळाली नाही.

तिथे तुमच्यासारखी मुले क्वचितच यायची. भिंतीवर जागोजागी पाट्या होत्या, "हात लावू नका", "बोलू नका", "टेकू नका". मुले रांगेत यायची आणि रांगेत जायची. एकदा बाईंनी अर्धा तास माहिती सांगून विचारले, "कुणाला काही प्रश्न?" एका मुलाने हात वर केला. बाईंचा चेहरा उजळला. मुलगा म्हणाला, "बाथरूम कुठे आहे?" त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही.

मग संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "बाई, मुलं येत नाहीत. आपण मोठा टीव्ही लावू या. या कोपऱ्यात छान बसेल. जे बिघडलंय ते काढून टाका."

बाई सगळ्या वस्तूंवरून नजर फिरवत माझ्याजवळ येऊन थांबल्या. त्यांचा हात माझ्या पारड्यावर बराच वेळ होता. शेवटी त्यांनी मला उचलून जिन्याच्या दाराजवळच्या स्टुलावर ठेवले. दोन दिवसांनी भंगारवाला येणार होता. मरणाची भीती मला फारशी नव्हती, खरे सांगतो. वाईट एवढ्याचेच वाटत होते की दाराजवळून पलीकडचे कपाट दिसत नव्हते. दुपट्याचा निरोप घ्यायचाही राहून गेला होता.

भंगारवाला येण्याच्या आदल्या दिवशी शाळेचा एक वर्ग येणार होता. टीव्ही येण्याआधी बाईंना एक प्रयत्न स्वतःच्या मनाने करून पाहायचा होता. त्या सकाळी बाई खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी सगळ्या पाट्या उतरवल्या. मग कपाटे उघडली. मुले आली तेव्हा बाईंनी प्रत्येकाला सुती हातमोजे दिले. मोजे मोठे, हात छोटे, सगळ्यांचे पंजे बदकासारखे दिसत होते.

"आज मी काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही मला सांगायचं. दोन्ही खोल्यांतून कुठल्याही दोन वस्तू हळूच आणायच्या, या टेबलावर शेजारी ठेवायच्या आणि त्यांची जोडी का जमते ते सांगायचं."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. आणि मग जी धमाल उडाली! एकीने कंदील आणि चष्मा आणला. "रात्री वाचायला दोन्ही लागतात." एकाने जुने कुलूप आणि जुने बूट आणले. "बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून." बाई खळखळून हसल्या. बाई हसतात हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हते.

एक मुलगी मात्र खेळत नव्हती. पुढचे दात मोठे आणि एका जागी न थांबणारी, म्हणून वर्गात तिला खारूताई म्हणत. पण त्या दिवशी खारूताई माझ्या स्टुलाशी गुपचूप बसली होती.

"बाई, हा खेळात का नाही?" तिने विचारले.

"तो बिघडलाय, बाळ."

"मग दाराजवळ का ठेवलाय?"

बाईंनी माझ्या पारड्यावरून हात फिरवला. "उद्या त्याला घेऊन जाणार आहेत. त्याच्या जागेवर टीव्ही येणार आहे."

खारूताईचा चेहरा पडला. "आमच्या घरी भाऊ आलाय," ती म्हणाली. "मी आईजवळ झोपायचे ना, तिथं आता तो झोपतो. मला पण दाराजवळ हलवलंय."

बाई तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. खारूताईने माझ्या पारड्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मोज्यातूनही तिला गार लागले असावे.

"काल त्याचं वजन केलं," ती म्हणाली. "तो इतका रडला! मग नर्सताईंनी खाली कापड घातलं, तेव्हा गप्प बसला. बाई, याचं कापड कुठंय?"

"याचं कापड?" बाई म्हणाल्या.

"असणारच ना! नाहीतर बाळं रडतील की."

असे म्हणून ती उठली आणि पलीकडच्या खोलीत पळाली. मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. "हे जाड आहे... हे टोचतंय... हं, हे मऊ आहे!" आणि दारातून ती आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर पिवळे, निळ्या काठाचे दुपटे होते.

मित्रांनो, माझ्या पोटात स्प्रिंग आहे, काळीज नाही, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. तिने दुपटे माझ्या पारड्यात अंथरले, कडा नीट केल्या, आणि माझी सुई हलली. हळूहळू पुढे आली. आली, आली आणि शून्यावर येऊन उभी राहिली. अगदी बरोबर शून्यावर.

"बाई, तो काही बिघडला नव्हता," खारूताई म्हणाली. "त्याला दुपटं हवं होतं."

बाईंनी दुपटे उचलून पाहिले, सुई मागे गेली. परत ठेवले, सुई शून्यावर. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. "खोक्यात हे याच्या कुशीतच होतं गं," त्या म्हणाल्या. "मीच यांना वेगळं केलं. धातू इकडे आणि कापड तिकडे!" मग सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. कुलूप-बूटवाल्या मुलाने आपला डबा ठेवला, कुणी दप्तर ठेवले, आणि मी प्रत्येकाचे खरे वजन सांगितले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तो नुसते पाणी पिऊन गेला. टीव्ही जिन्याजवळच्या भिंतीवर लागला. तिथे तो सुखात आहे, आमचे काही भांडण नाही.

त्या रविवारी खारूताई सगळ्या घराला घेऊन आली. तिच्या बाबांनी मला पाहिले आणि वाकून दुपट्याची कड चाचपली. "आई सांगायची," ते म्हणाले, "मी जन्मलो तेव्हा एका पिवळ्या दुपट्यात वजन केलं होतं माझं." त्यांनी बाळाला माझ्यात ठेवले. बाळ रडले नाही. बाबाही याच पारड्यात आणि बाळही याच पारड्यात! मला धन्य धन्य वाटले.

"माझं राहिलं ना पण," खारूताई पुटपुटली. सगळे बाळाकडे बघत होते. एकट्या बाईंनी ऐकले.

"तू यात मावायची नाहीस गं," बाई म्हणाल्या. "हात ठेव बघू."

बाबांनी बाळाला उचलले आणि तिने हात दुपट्यावर ठेवला. तिच्या बाबांनी वाकून माझी सुई वाचली, मग बाळाला आईकडे दिले आणि खारूताईला उचलून कडेवर घेतले. "अगं, नुसता हातच केवढा भारी झालाय तुझा! माझी मोठी लेक ही." खारूताईने त्यांच्या खांद्यात तोंड लपवले. घरी जाईपर्यंत ती खाली उतरली नाही.

आता माझ्यापुढे नवी चिठ्ठी आहे. ती खारूताईने लिहिली आहे, अक्षर वरखाली झाले आहे, पण बाईंनी बदलू दिले नाही: "हा बिघडलेला नाही. दुपट्याची वाट बघत होता."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कधी एखादी वस्तू अशी शून्याच्या अलीकडे उभी दिसेल. कधी एखादे माणूसही दिसेल, दाराजवळ गप्प बसलेले. त्याला टिचकी मारून नादुरुस्त म्हणू नका. आधी विचारा, याचे दुपटे आपण कुठे ठेवले?