देवदूताची पातोडी

“आता मी जे सांगतो, ते इथल्या एकालेही खरं वाटनार नाही,” काठी बाकाला टेकवून उभे राहत देवराव म्हणाले.

पुढच्या बाकावरच्या बेबीताई पदराआड हसल्या. “आजवर तुमचं काय खरं वाटलं जी?”

राजापेठेतल्या छोट्या चर्चमध्ये कापणीच्या सणाची उपासना चालली होती. वेदीपुढं भोपळे, कणसं, मेथीच्या जुड्या रचलेल्या. ज्याच्यावर कृपा झाली, त्यानं आज उठून साक्ष द्यायची आणि देवाचे उपकार मानायचे, असा रिवाज. खुबा मोडून पावसाळाभर खाटेवर पडलेले देवराव आज पहिल्यांदाच आले होते.

“देवरावजी,” पाळकांनी हळूच सुचवलं, “साक्ष खरी द्या.”

“खरीच देतो. घरात मी आन् मांजर. भर दुपारी दार आपोआप उघडलं. पाह्यतो तं देवदूत! पंख दारातून मावेनात, म्हनून ते बाहेर दोरीवर टांगून आत आला.”

हशा पिकला. देवराव हसले नाहीत. त्यांची नजर दाराकडं गेली. तिथं पायरीवर भाजीवाल्या पार्बताबाई बसल्या होत्या. वेदीपुढचे भोपळे त्यांच्याच मळ्यातले. भोपळ्यांचं रिकामं टोपलं उपासना संपल्यावर परत न्यायला त्या थांबल्या होत्या; भाजीचं दुसरं टोपलं हातात होतं. त्या डोळे वटारून बघत होत्या.

पावसाळाभर देवरावांना जेवण त्याच पुरवत होत्या; कालच डबा ठेवताना त्यांनी बजावलं होतं, “उद्या चर्चात माह्यं नाव घेतलं, तं डबा बंद. मले कोनाचे आभार नाही पाह्यजेत.”

खाटेवर पडल्या पडल्या देवराव रोज देवाचे आभार मानायला डोळे मिटत आणि मिटल्या डोळ्यांपुढं पार्बताबाई येत, पदराला हात पुसत. प्रार्थना तिथंच अडकायची. आभार नेमके कुणाला पोचतात, त्यांना उलगडत नव्हतं. नाव घ्यावं तर डबा जाणार. न घ्यावं तर साक्ष कसली?

“मंग?” बेबीताईंनी डिवचलं. “काय केलं तुमच्या देवदूतानं?”

“भाकर चुरून खाऊ घातली. अंग पुसलं. रोज आला बिचारा.”

“देवदूत सैपाक करते?”

“करते ना. पन…” काठीची मूठ त्यांनी घट्ट धरली. “पातोडी नाही जमत त्याले. बेसनाची वडी रश्श्यात पडली का फुटे. सारा रस्सा पिठल्यावानी! देवाघरचं म्हनून मुकाट्यानं गिळलं मी.”

मंडळी गोंधळली. कुणी हसलं, कुणी ‘आमेन’ म्हणून बसलं आणि मग इकडंतिकडं बघू लागलं. आभाराचं गीत सुरू करावं की देवरावांना खाली बसवावं, हे पाळकांनाही सुचेना. ते गीतपुस्तकाची पानं नुसतीच उलटत राहिले.

देवराव मात्र दाराकडंच बघत होते.

पायरीवर टोपलं आपटल्याचा आवाज झाला. साऱ्या माना वळल्या.

“फुटे?” पार्बताबाई कमरेवर हात ठेवून चर्चच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या होत्या. “देवाच्या घरात काहून खोटं बोलून राह्यले जी? माह्या हातची एक तरी पातोडी फुटली का आजलोक?”