सात घरांची भिंत

लहान कागदावरचं चित्र भल्यामोठ्या भिंतीवर उतरवायचं, तर आधी भिंतीवर चौकोन आखून त्यांना आकडे घालावे लागतात. बुटकी आणि लंबू, कॉलेजात पडलेली ही नावं, दोघांनी सकाळभर लाल रंगानं तेच केलं. सखल गल्लीतल्या सात घरांची ती सलग भिंत. चाळीस वर्षांनंतरची गल्ली काढायची होती त्यांना. पुराची भीती नाही, उन्हाचा तडाखा नाही, जिकडेतिकडे सावली. परवानगी नगरपालिकेची घेतली. आत राहणाऱ्यांना विचारायचं म्हणून कुणाला सुचेल तर शपथ.

आता पाडायच्या घरांवर नगरपालिकाही लाल आकडेच घालते, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

दुपारी माणसं कामावरून परतली, आकडे बघितले आणि त्यांची टाळकीच फिरली. पहिल्या घरातल्या वेल्डरनं सळई उचलली ती थेट लंबूच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज बुटकीनं स्पष्ट ऐकला. लंबू शिडीवरून कोसळला. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी रंगाचा डबा तोंडावर फेकला.

“काका, चित्र आहे हो नुसतं,” ती जीव तोडून सांगत होती, पण ऐकतो कोण? कुणीतरी तिला केस धरून ओढलं. ती सुटली आणि लंबूवर आडवी पडली. एक सळई तिच्या पाठीत बसली. पुढची याच्या डोक्यात बसली तर संपलाच हा, एवढंच तिला कळत होतं. तिनं पिशवीतून कागद ओढून वर धरला.

वेल्डरनं तो हिसकावला. बाकीचे भोवती जमले.

“अरे, चित्रच आहे की,” कुणीतरी ओशाळून म्हणालं. “पोरांना उगाच बडवलं.” एक बाई पाणी आणायला धावली.

वेल्डरचं बोट कागदावरून सावकाश सरकत होतं. कोपऱ्यावरचं दुकान, वरच्या अंगाची घरं. मग ते थांबलं.

“आमची घरं कुठायत?”

बुटकीनं पाहिलं. तिथं तळं होतं. पाणी तिथंच साठतं म्हणून तिनंच काढलेलं, अगदी हौसेनं. काठावर बाक, बाकावर हसणारी माणसं. महिनाभर दोघांनी त्या कागदावर जीव ओतला होता आणि ही गोष्ट एकदाही मनात आली नव्हती. तिला स्वतःचीच किळस आली.

“बसलेत ते कोण?” वेल्डरनं विचारलं.

त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. तिनं हातही आडवा घातला नाही.